वायर काढल्यानंतर

वायर वीतभर होती. पिवळी, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली, आणि जिथे असायला नको तिथे होती. घडलं म्हणाल तर एवढंच. शुक्रवारी दुपारी मी आमच्या सेक्शनमधल्या एका लहान स्टेशनाच्या रिले रूममध्ये उभी होते (स्टेशनाचं नाव सांगणार नाही, उगाच कुणाच्या नावाने बोंब नको). तपासणी संपत आली होती, भूक लागली होती, डब्यात मेथी आहे की कालचीच उसळ हे आठवायचा प्रयत्न चालला होता, आणि रॅकच्या मागे टॉर्च फिरवताना ती दिसली. मी काय करावं? मी चष्मा काढून पुसला. जणू चष्म्यालाच काही चिकटलं होतं. बाहेर स्टेशन मास्तर फोनवर कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलत होता, हॉल मिळत नाही म्हणत होता. मग मी एक चिमटा सोडवला, दुसरा सोडवला, वायरची गुंडाळी केली आणि पर्समध्ये टाकली. पर्समध्ये घराच्या किल्ल्या होत्या, खोकल्याच्या गोळ्या होत्या, लोणावळ्याच्या भाजीवाल्याने सुटे नाहीत म्हणून गळ्यात मारलेली लिंबं होती. त्या सगळ्यात ती जाऊन बसली आणि अगदी गरीब दिसायला लागली.

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. शाळाशाळांतून सांगत आलेय, त्यामुळे आता पाठच झालंय. रुळांतून थोडीशी वीज सोडलेली असते. रूळ रिकामे असले की ती पलीकडे पोचते आणि खोलीतला रिले नावाचा छोटा डबा आपला दांडा उचलून धरतो. म्हणजे रस्ता मोकळा. गाडी आली की तिची चाकं ती वीज मधेच अडवतात, दांडा पडतो, सिग्नल लाल. तार तुटली, बॅटरी गेली, रूळ मोडला, काहीही झालं तरी दांडा पडतो. पडायला त्याला वीज लागत नाही, स्वतःच्या वजनाने पडतो. त्यामुळे बिघाड झाला तर गाडी थांबते, फार तर लोक शिव्या देतात, पण मरत नाहीत. आणि ती पिवळी वायर काय करते, तर भलतीकडून वीज आणून दांडा वरच धरून ठेवते. मग रुळावर काहीही उभं असू दे. आमच्या खात्यात चुका पुष्कळ होतात, कोण नाही करत? पण ही चूक नाही. ही चोरी आहे, आणि जे करतात त्यांना ती चोरी आहे हे माहीत असतं.

सत्यमने केली होती, माझ्याच हाताखालच्या पोराने. त्या सकाळी लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूला गाडी थांबवायची जी लाइन असते तिथे, रुळाला जोडलेली एक तार तुटली होती. लाइन रिकामी, पण खोलीतला दांडा पडलेला. एक मालगाडी येत होती, तिच्या मागे एक्स्प्रेस, आणि मालगाडी लूपवर घेतल्याशिवाय एक्स्प्रेसला वाट नाही. अशा वेळी कंट्रोलवाले, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणारे, फोनवर कसे बोलतात ते ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. सत्यमने वायर लावली. तेवढ्यात कंट्रोलने बेत बदलला, मालगाडी मागच्याच स्टेशनात धरून ठेवली. हा पळत जाऊन तुटलेली तार जोडून आला, सगळं सुरळीत झालं, आणि हा गाढव वायर काढायची विसरला. मी पोचेपर्यंत त्या लाइनवर एकही गाडी आली नव्हती. संध्याकाळी एक यायची होती, मुक्कामाला. ती तिथे उभी राहिली असती, आणि ड्युटी बदलून आलेल्या मास्तराला आमच्या यंत्राने सांगितलं असतं, लाइन मोकळी आहे, येऊ द्या दुसरी.

मी त्याला खोलीच्या मागे बोलावलं आणि पर्स उघडून दाखवली. त्याचा चेहरा उतरला, मग पांढरा पडला. एरवी माझ्याशी अगदी पुस्तकी बोलणारा पोरगा, त्याची गावाकडची बोली एकदम बाहेर आली. "ऱ्हायली मॅडम. आईशप्पथ, काढायची ऱ्हायली." मी म्हटलं, "राहिली कशी ते नाही विचारत. लावलीस कशी?" तो खाली बघत म्हणाला, "कंट्रोल लय बोलत व्हता." मी म्हटलं, "घरी जा." बस. एवढंच म्हटलं. नियमाप्रमाणे त्याच दिवशी रिपोर्ट जायला हवा होता, आणि माझ्याइतका तो नियम घोकलेला माणूस या घाटात दुसरा सापडणार नाही. रिपोर्ट गेला की सत्यमची नोकरी गेली, त्यात काही शंका नाही. आणि नाही गेला तर? तर कुणालाच काही कळणार नव्हतं. तार जोडलेली, दांडा जागेवर, वायर माझ्या पर्समध्ये. मला आणि त्याला सोडून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

कारण सत्यमला या कामात मी आणलं होतं. तो वडिवळ्याचा, धरणाखाली त्यांची भातखाचरं. कामशेतजवळच्या एका शाळेत मी करिअर मार्गदर्शन म्हणून बोलायला गेले होते. असल्या भाषणांना पोरं जांभया देतात, शिक्षकही देतात. मी रिलेचं सांगत होते, दांडा वजनाने पडतो वगैरे, आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, दांडा पडलाच न्हाई तर?" सगळे हसले. मला मात्र अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती शाळा पालथ्या घातल्या होत्या. मग त्याला आयटीआयला घालणं, परीक्षेची पुस्तकं देणं, रविवारी घरी बोलावून सर्किट समजावणं, सगळं केलं. त्याची आई सरूबाई दरवर्षी इंद्रायणी तांदळाची गोणी पाठवायची. मी पहिल्यांदा नको म्हटलं, मग वाईट दिसेल म्हणून घेतली, मग त्या तांदळाची इतकी सवय झाली की दुसरा घशाखाली उतरेना. शनिवारी तोच भात मी कुकरला लावला आणि जेवले नाही. दिवसभर घरातल्या घरात फिरत राहिले. कपाट आवरलं, फ्रीज पुसला. आपण काहीतरी टाळतोय हे मला कळत होतं. कळून काय उपयोग?

रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि खंडाळ्याला माधवकाकांकडे, आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे गेले. सल्ला मागायला नव्हे हां. सल्ला मला नको होता. उत्तर मला माहीत होतं, आणि ते त्यांचंच उत्तर होतं. मला फक्त त्याच्यावर त्यांचा शिक्का मारून हवा होता. म्हणजे मग सोमवारी रिपोर्ट पाठवताना हात माझा असता आणि जोर त्यांचा. रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. काचा खाली करून लोक धुक्याचे फोटो काढत होते, एक बाई गाडीतूनच कणीस खात होती. या लोकांना खालच्या बोगद्यांतून दिवसरात्र गाड्या वरखाली होतात आणि त्या एकमेकींवर आदळत नाहीत याचं काहीच वाटत नाही. वाटूही नये म्हणा. आपलं काम नीट चाललंय याची तीच खूण आहे, असं माधवकाकाच म्हणायचे.

तळेगावात आमची आणि त्यांची भिंत एकच होती. ते सिग्नल इन्स्पेक्टर, माझे बाबा शाळामास्तर. बाबा चांगले होते, सगळ्यांचे लाडके सुहास सर. पण एकदा जेवता जेवता ते आईला सांगत होते की हेडमास्तरांनी कुणाच्या तरी भाच्याचे मार्क जरा बघा म्हणून सांगितलंय, आणि आई म्हणाली, मग बघा की. बाबांनी बघितले. त्यात काय मोठंसं, चार मार्कांनी कुणाचं काय बिघडतं? पण मी सातवीत होते, आणि सातवीतल्या मुलीसारखं निर्दय कुणी नसतं. त्यानंतर मी भिंतीच्या पलीकडे जायला लागले. माधवकाकांनी भंगारात निघालेला एक रिले घरी आणला होता, काचेच्या झाकणाचा. टेबलावर ठेवून त्यांनी त्याला बॅटरी जोडली, दांडा टक् करून उठला. तार काढली, दांडा पडला. "बघ, याचा विजेवर भरवसा नाही, वजनावर आहे," ते म्हणाले. "वीज दगा देईल. वजन कुठे जाणार?" मी ती तार पुन्हा जोडली, पुन्हा काढली. अख्खी मे महिन्याची सुट्टी मी तेच करत बसले. रजनीकाकू पन्ह्याचा पेला आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अहो, शेजाऱ्यांची पोर आहे ती, तुमची खलाशी नाही." खलाशी म्हणजे आमच्या खात्यातला मदतनीस. काका हसायचे. मुलांना समजेल असं सोपं करून सांगायची त्यांना सवय नव्हती. ते मला खात्यातल्या माणसासारखंच सांगायचे, आणि त्यानेच मी वेडी झाले.

पण रिलेने मी सिग्नलिंगमध्ये आले नाही. आले ती गेणूच्या संध्याकाळमुळे. हे मी भरतीच्या मुलाखतीत सांगितलंय, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, नाव न घेता शाळांतून सांगितलंय, सत्यमच्या शाळेतही. गेणू परंदवडीचा, काकांच्या हाताखाली खलाशी म्हणून लागला. काकांनी त्याला शिकवून शिकवून वर आणलं, घरचाच झाला होता तो, दिवाळीला रजनीकाकू त्याच्यासाठी वेगळा चिवडा काढून ठेवायच्या. त्याने एका फाटकाजवळ अशीच वायर लावली. असाच कुणीतरी फोनवर बोंबलत असणार. तेव्हाही काहीच झालं नव्हतं, काकांच्याच नजरेला आलं. संध्याकाळी गेणू आणि त्याची बायको नंदाबाई अंगणात आले. मी पडवीत सर्किटचा कागद घेऊन बसले होते. नंदाबाई काकांच्या पाया पडली, पाय सोडीचना. "साहेब, पोटावर पाय देऊ नका. लेकरं हाईत." गेणू मागे उभा, टोपी हातात. काका म्हणाले, "गेणू, काही झालं नाही हे मला सांगू नकोस. काही झालं नाही म्हणून तर तू माझ्यासमोर उभा आहेस. मी लिहिणार." मग त्यांनी पाय हळूच सोडवून घेतले, आत गेले आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मी पडवीत बसले होते आणि माझं हृदय धडधडत होतं. भीतीने नाही, आनंदाने. हो, आनंदाने! एक माणूस असा आहे, की जो वाकत नाही. नंदाबाई अंगणात बसून रडत होती आणि मी ठरवत होते की मला हेच व्हायचंय.

खंडाळ्यात काकांचा फ्लॅट एका हॉटेलच्या मागे आहे. निवृत्तीनंतर काकूंच्या दम्यासाठी ते इकडे आले, आणि इथल्या दमट हवेने दमा वाढला, पण परत जायचं म्हटलं की दोघंही चिडतात. काका स्वेटर घालून खिडकीत बसले होते. कानात यंत्र, पुढ्यात उघडलेला रेडिओ. "ये, ये आसावरी. बघ हा, बोलतो पण गात नाही." काकूंनी आतून विचारलं, "पोहे खाणार ना?" मी म्हटलं, "नको काकू, पोट भरलंय." "पोट भरलंय म्हणे! तोंड बघितलंस का आरशात?" मी पर्स उघडली आणि वायर टीपॉयवर ठेवली. काकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. वायर उचलली, एका चिमट्यात करंगळी धरून बघितली, सोडली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. "कुणाची?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "तुझा तो वडिवळ्याचा?" "हो." "कुणाला माहितेय?" "कुणाला नाही. आता तुम्हाला." त्यांनी वायर पुन्हा गुंडाळून ठेवली, माझ्यापेक्षा नीट. "रिपोर्ट दिलास?" "अजून नाही." आणि मग ते म्हणाले, "मग देऊ नकोस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी हसलेसुद्धा, थट्टा करताहेत म्हणून. काका थट्टा करतात कधीकधी, कोरड्या चेहऱ्याने. पण ते खिडकीबाहेर बघत होते. "पोरगा हुशार आहे ना? मग त्याला घाम फुटला असेल. पुन्हा मरेपर्यंत लावणार नाही. त्याला चार महिने तुझ्या नजरेखाली ठेव. सोड." मी म्हटलं, "काका, तुम्ही हे म्हणताय?" ते म्हणाले, "मीच म्हणतोय. इथे दुसरं कोण आहे?" काकू पोह्यांची बशी घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या, त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि त्याही बसल्या. त्यांना पुढचं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"गेणू आठवतो तुला?" काकांनी विचारलं. आठवतो! ते मला विचारत होते, गेणू आठवतो का. नोकरी गेल्यावर गेणूने दोन-चार कामं केली आणि शेवटी इथे खंडाळ्यात एका हॉटेलच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. काका इथे राहायला आले ते सगळं सोडून नेमक्या त्याच रस्त्यावर. "संध्याकाळी फिरायला जातो मी, त्याच्या गेटवरून. पहिल्या दिवशी ओळखलं नाही. त्याने ओळखलं. उठून उभा राहिला. 'नमस्कार साहेब. थंडी हाय, मफलर घ्या की.' मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कार. रोज. एकदा मी वाट बदलली, खालच्या अंगाने गेलो. पुढच्या दिवशी मला विचारतो, 'काल दिसला न्हाई साहेब, तब्येत बरी हाय न्हवं?' " काका थांबले. "एकदा तरी शिवी द्यायची होती गं त्याने. मी वाट बघायचो. वर्षानुवर्षं वाट बघितली मी एका शिवीची." गणपतीनंतर गेटवर नवीन माणूस दिसला. चौकशी केली तर गेणू वारला होता, परंदवडीला घरी. काका-काकू रिक्षा करून गेले. नंदाबाईने चहा केला. "ती म्हणाली, 'ते म्हणायचं, साहेबाचं बरोबर व्हतं. मरेस्तोवर म्हणालं. मला कदी पटलं न्हाई. पण ते राहू द्या. तुमी त्या येळी एकदा घरला यायचं व्हतं साहेब. एवढंच वाटत ऱ्हायलं.' " काकूंनी डोळ्याला पदर लावला. काका म्हणाले, "तेव्हा मी गेलो नाही. मला वाटलं, आपण बरोबर असलं की जायची गरज नसते."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण आधी मला राग आला, इतका की कानशिलं तापली. मी म्हटलं, "आणि मी? तुमच्या त्या संध्याकाळवर मी आयुष्य काढलंय काका. मी ते पोरांना सांगत हिंडले. सत्यमला सांगितलं मी ते!" काका म्हणाले, "मी कुठे म्हटलं होतं तुला पडवीत बसायला?" काकू म्हणाल्या, "अहो, काय बोलताय!" आणि मला म्हणाल्या, "आणि तू गं, विचारायला आलीस ना? मग उत्तर आवडलं नाही म्हणून भांडतेस कशाला?" मी म्हटलं, "शुक्रवारी त्या लाइनवर गाडीवर गाडी गेली असती तर? ड्रायव्हर मेला असता तर? त्याच्या बायकोने कुणाच्या पाया पडायचं?" काकांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "मी चुकलो असं मी म्हणत नाही आसावरी. पुन्हा करू शकणार नाही असं म्हणतोय. तुला खरं उत्तर पाहिजे असेल तर म्हाताऱ्या माणसाला विचारू नये. त्याला फक्त आपली झोप दिसते." मग त्यांनी रेडिओ जवळ ओढला. मी पोहे खाल्ले नाहीत. वायर उचलून पर्समध्ये टाकली आणि उठले, तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "स्कूटरचे ब्रेक बघितलेस का? घाटातून जातेस." इतका राग असतानाही मला त्यांच्या टकलावरून हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही.

येताना गाड्या तुंबल्या होत्या, मी त्यांच्या कडेकडेने येत होते आणि डोक्यात नुसता गोंधळ. बाबा आठवत होते. चार मार्क वाढवणारे, दारात आलेल्या प्रत्येकाला आत घेणारे, ज्यांच्या अंत्ययात्रेला अर्धं तळेगाव लोटलं होतं ते बाबा. त्यांना मी कधी माफ केलं नव्हतं, आणि आज माधवकाका त्यांच्यासारखंच बोलले होते. मग इतकी वर्षं मी कुणाच्या वजनावर उभी होते, असं एक वाक्य मला सुचलं, आणि मी स्वतःलाच शिवी घातली. असली गोंडस वाक्यं सुचायला लागली की समजावं, बाईसाहेब निर्णय टाळताहेत. घरी आले, हातपाय धुतले, लसूण सोलत बसले. लसूण सोलताना मी स्वतःला सरळ विचारलं. समज, माधवकाका नावाचा माणूस कधी नव्हताच. पडवी नाही, गेणू नाही, काही नाही. तर तू काय करशील? आणि मला संध्याकाळची मुक्कामाला येणारी ती मालगाडी दिसली. तिचा गार्ड दिसला, जेवणाचा डबा उघडून बसलेला, मागून दुसरी गाडी त्याच लाइनवर येतेय हे माहीत नसलेला. मला तो माणूस माहीत नव्हता. त्याचं नाव माहीत नव्हतं. सत्यमचं नाव मला माहीत होतं, त्याला चहात साखर जास्त लागते हे माहीत होतं, परीक्षेच्या आधी त्याला जुलाब होतात हे माहीत होतं. आणि तरीही मी लिहिणार होते. कुणाच्याही आधाराशिवाय, कुणी शाबास म्हणणार नसताना, लिहिणारच होते. हे कळल्यावर मला बरं वाटलं नाही. मला भीती वाटली, कारण आता हे सगळं माझं एकटीचं होतं.

रविवारी दुपारी बसून लिहिलं. शुक्रवारी वायर सापडली आणि मी ती दोन दिवस दडवून ठेवली, हेही लिहिलं. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे. सोमवारी सकाळी मेल गेला. साहेबांचा लगेच फोन, आधी ओरडले, मग म्हणाले, मॅडम, तुम्ही आधी मला नुसता फोन केला असता तर काहीतरी बघितलं असतं. मला हसू आलं. बघितलं असतं! दुपारपर्यंत सत्यमला घरी बसवल्याचा निरोप गेला, मग मी त्याला फोन केला. त्याने घेतला. मी म्हटलं, "सत्यम, मी रिपोर्ट दिला." तो म्हणाला, "कळलं मॅडम." मग थोड्या वेळाने, "तुमी देनार हे माहीत व्हतं," आणि फोन बंद झाला. तेवढ्यावर मी थांबू शकले असते. कागद गेला होता, काम झालं होतं, आणि कुठल्याही नियमात याच्यापुढे काही करायला सांगितलेलं नाही. दार लावून घ्यायचं, आपटायचं नाही, नुसतं लावायचं. मी स्कूटर काढली आणि वडिवळ्याला गेले.

कामशेत सोडलं की रस्ता खाचरांमधून जातो. भात निघून गेलं होतं, नुसते बुडखे राहिले होते, आणि त्यांत बगळे फिरत होते. मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि ठरवलेलं प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं. समजावणार होते? काय समजावणार? त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजत होतं. माफी मागणार होते? कशाची? मी पुन्हा हेच केलं असतं. सत्यमचं घर रस्त्याला लागूनच आहे, सिमेंटचा ओटा, वर पत्रा. सरूबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने मला गाडी लावताना बघितलं. एरवी ती लांबूनच हाक मारायची, मॅडम आल्या, मॅडम आल्या, पाणी आणा रं. आज तिचा हात फक्त थांबला. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि तिथे कॉटवर सत्यमचे पाय दिसत होते, पांघरुणाबाहेर आलेले. ते हलले नाहीत.

"तुमीच त्याला ह्या कामात घातलं," सरूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "गावात समद्यांस्नी सांगायचा, मॅडमसारकं व्हायचं. आन तुमीच काढलं." मी म्हटलं, "हो." "त्येनं मानूस मारलं व्हय कुनी?" "नाही मावशी." "मग बरोबर केलं म्हनता?" खोटं बोलायला मी इतक्या लांब आले नव्हते. मी म्हटलं, "हो. बरोबर केलं." ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत जे होतं ते मी चुकवू शकले नाही. "मग हितं कशाला आलाय? त्येला समजवाय?" "नाही." "त्येची नोकरी परत मिळवून द्याय?" "ती नाही मिळणार मावशी." "मग? रडाय आलाय व्हय?" ती टोचायला म्हणाली होती, आणि ते लागलंही. मी म्हटलं, "हो."

ती या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सूप उचलून तिने पुन्हा पाखडायला घेतलं, आणि मी ओट्याच्या कडेला बसून तिच्यादेखत रडले.